ज्याचं त्याने सांगायचं

—आणि हॉर्नचं तर विसराच, काकू. इथे हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्याच्या खानदानाचा उद्धार करण्यासारखं आहे. आठवडा झाला आम्हाला येऊन, दोनदा ऐकला असेल, आणि दोन्ही वेळा आमच्यामुळेच. — नाही नाही, तिथे नका बसू, तिथे ऊन येतं, इकडे सरका. अशा. बॅग पायाशी घ्या. तुम्ही बसमधून उतरलात तेव्हाच ओळखलं मी, या आपल्याकडच्या. कुलूप लावलेल्या सूटकेसला वरून परत दोरी बांधायची, हे आपल्याशिवाय कुणी करत नाही. — काका कुठे गेले? पुढच्या गाडीची चौकशी करायला? जाऊ द्या. इथे खिडकीवर एक माणूस उभा असला की दुसऱ्याने त्याच्या काखेतून हात घालून विचारायचं नसतं, मागे रेघ आखलीये, त्या रेघेमागे उभं राहायचं. माहीत आहे का काकांना? — नाही ना. मग येतील जरा वेळाने. येताना तोंड उतरलेलं असेल, काय झालं म्हणून विचारू नका.

आम्ही परत चाललोय. तो बघा, खांबाजवळ, सामानाच्या ढिगावर बसलेला राजा— ते आमचे बाबा. सरकारी खात्यात साहेब होते. रिटायर झाले, पण तसं कुणी त्यांना कळवलेलं दिसत नाही. शेजारी पिवळ्या शालीत आत्या, त्यांची थोरली बहीण, मुख्याध्यापिका होती. शाळेतली पोरं सुटली आणि आम्ही सापडलो. आई? आहे ना आई. पाय मोकळे करायला गेलीये जरा. येईल. बसला अजून वेळ आहे. — मी? मी एका कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावतो. कॉलेज सोडलं मधेच. — हा आत्ता जो चेहरा केलात ना काकू, तो मला पाठ आहे. यापुढचं वाक्य 'अरेरे, थोडंच राहिलं होतं की रे.' गिळा ते. सगळ्यांचं ऐकून झालंय, न्हाव्याचं सुद्धा.

रस्ता ओलांडायचं सांगतो, ते ऐका, ते कामाचं आहे. पांढरे पट्टे दिसले की नुसतं पाऊल टाकायचं. गाड्या थांबतात. खरंच थांबतात, मान काय हलवताय. पहिल्या दिवशी आमची वरात निघाली, बाबा पुढे, मग आत्या, मग आई, मागून मी हमाल— बाबा पट्ट्यांपाशी पोचले आणि एक मोठी गाडी येऊन उभीच राहिली. आतला माणूस हाताने म्हणतोय, चला. आता आपल्याकडे गाडीवाला आपण होऊन थांबला तर तो एक तर पत्ता विचारणार, नाहीतर भांडायला उतरणार. बाबांना वाटलं यात काहीतरी डाव आहे. त्यांनीही हात केला, तुम्ही जा. तो म्हणे तुम्ही जा. बाबा म्हणे नाही, तुम्ही. मागे गाड्यांची ही रांग! एक माणूस ओरडत नाही, कुणी काच खाली करत नाही, सगळे आपले शांतपणे बघतायत म्हातारा काय करतो ते. शेवटी बाबा तावातावाने पुढे झाले, गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, 'काय पाहिजे काय तुला?' — तेव्हा वाजला पहिला हॉर्न.

आत्याचं त्याहून वरचढ. तिने घरून प्लॅस्टिकचा मग आणला होता. कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही बॅगेत असणार. — आहे ना? मग लाजताय काय, शहाण्या आहात, इथे नुसता कागद असतो. पण आत्याने काय केलं, तो मग हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर. विमानतळावर तपासणीच्या टेबलावर तिथल्या बाईने मग काढला, उलटा केला, उजेडात धरला, दुसरीला बोलावलं. दोघी मिळून विचारतायत, हे काय आहे? जिने जन्मभर पोरांना उभं करून प्रश्न विचारले तिला उत्तर येईना. शेवटी म्हणाली, 'फॉर ड्रिंकिंग.' मग काय, त्या बाईने मोठ्या प्रेमाने तो मग भरून आणला आणि दिला तिच्या हातात. अख्खी रांग बघतेय. प्यायली बिचारी. काय करणार. — हसा, हसा. मीही हसलो होतो, आणि थप्पड खाता खाता राहिलो. इथे चारचौघांत हात उचलला तर पोलीस येतात, हे बाबांना टूरवाल्याने निघतानाच सांगून ठेवलं होतं. तेवढं एक बरोब्बर लक्षात ठेवलं त्यांनी.

मुळात आलो कशाला, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. आमच्या बिल्डिंगमधले सगळे येऊन गेले म्हणून आलो. खालच्या मजल्यावरचे येऊन गेले, त्यांच्या विहीणबाई येऊन गेल्या, मग आपण काय घोडं मारलंय? बाबांना परदेश बघायचा नव्हता काकू, परदेशाने बाबांना बघावं अशी इच्छा होती. आणि परदेशाने बघितलं. चांगलं निरखून बघितलं. टोप्यांच्या दुकानात भाव करायला गेले— दुकानदार भांडला नाही, चिडला नाही, त्याने बाबांच्या हातातली टोपी घेतली, पुसली, फळीवर जिथली तिथे ठेवली आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, या. झालं. बाबा तिथेच उभे, की आता हा बोलावेल, आता बोलावेल. आपल्याकडे दुकानाची पायरी उतरेपर्यंत हाक येतेच ना. इथे नाही येत. बाबा कोपऱ्यापर्यंत सावकाश चालत गेले, मागे वळून बघत बघत. मला सांगताना हसू येतंय, पण तेव्हा ना, ते उन्हात बोडकं डोकं— जाऊ द्या. तेवढाही कळवळा नको. पुढच्याच दिवशी तळं बघायला जाताना मधे बस थांबली, बाबा पाण्याची बाटली घ्यायला उतरले, ड्रायव्हरला ऐटीत म्हणाले, 'वेट.' त्याने घड्याळ बघितलं, एकदा हॉर्न वाजवला आणि गेला. हा दुसरा हॉर्न. आम्ही तिघं आत, बाबा रस्त्यावर बाटली उंच धरून पळतायत. आत्या ओरडतेय, 'अरे थांबवा, तो साहेब आहे.' इथे बस कुणासाठी थांबत नाही, काकू. एकदा वाजवतात आणि निघतात. ही आमची आत्ताची पण. तशी ती अजून लागलेली नाही म्हणा.

पण हे सगळं वरवरचं. हॉर्न, मग, पट्टे, एका दिवसात अंगवळणी पडतं. खरी गंमत वेगळीच आहे, आणि ती कुठल्या टूरवाल्याने सांगितलेली नसते. ती अशी की इथे ज्याचं त्याने सांगायचं असतं. — म्हणजे कसं? थांबा, एक विचारतो. तुमचा पासपोर्ट कुठे आहे आत्ता? — बघा. काकांकडे. कशाला विचारलं मी. आमच्याकडे पण तसंच. शर्टाच्या आत पट्ट्याने बांधलेला पाऊच, त्यात चौघांचे पासपोर्ट, झोपतानाही पोटावर. कांगारू. तर येताना विमानतळावर पासपोर्ट बघतात त्या काचेच्या खिडकीपाशी बाबांनी पोट उघडलं आणि चौघांचे एकदम पुढे सरकवले. आतल्या माणसाने त्यांचा ठेवून बाकीचे परत दिले. एक एक जण. बाबांचं झालं, पण पुढे जायचं सोडून परत रेघेमागे येऊन उभे. मग मी. तो मला विचारतो, तू काय करतोस? आणि रेघेमागून बाबांचा आवाज, 'इंजिनिअरिंग! शेवटचं वर्ष!' आता दीड वर्ष झालं मला कॉलेज सोडून. त्या माणसाने काय करावं? तो उठला, खिडकी बंद केली, दार उघडून बाहेर आला, बाबांच्या कोपराला धरून— अगदी नाजूक, नव्या नवरीला नेतात तसं— त्यांना रांगेच्या शेपटाला नेऊन उभं केलं, एका रडणाऱ्या तान्ह्या पोराच्या मागे. परत आला, बसला, आणि तसाच, त्याच आवाजात मला विचारलं, तू काय करतोस? मी म्हटलं, पार्सल्स. तो म्हणाला, गुड. शिक्का. एवढंच. या विषयावर मला जन्मात मिळालेलं हे पहिलं 'गुड', काकू, आणि ते परक्या देशाच्या कारकुनाकडून.

मग आई. तिला विचारलं, तर तिने आधी मागे बघितलं, बाबा तिकडे शेपटाला. मग माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं, हाउसवाइफ. तर त्याने मलाही बोट दाखवलं, गप्प. पण माझं वेगळं होतं, मी तिला मदत करत होतो. तिला येत नाही ना पटकन उत्तर द्यायला. — काय येत नाही म्हणजे? तसं नाही. येतं सगळं, बोलत नाही ती. आईचं एक 'हं' आहे. तुम्ही ऐकायला पाहिजे. बाबा म्हणाले आज पाऊस पडणार, हं. बाबा म्हणाले तुझ्या माहेरचे लोक फुकटे, हं. त्यात होही नसतं नि नाहीही नसतं. माणूस विहिरीत दगड टाकतो आणि खालून आवाजच येत नाही, तसं ते 'हं'. बाबांना वाटतं ती ऐकते. मी लहानपणापासून बघतोय, ती त्यांना त्या 'हं'ने दाराबाहेर उभं करते आणि आतून कडी लावते. सगळ्यांना नाही म्हणत हं ती तसं. फक्त त्यांना.

पाणी घ्या ना. — कॉफी? नको, इथली कॉफी फार कडू असते, तुम्हाला नाही आवडायची. पाणीच घ्या. — तर कॉफीचंच सांगतोय. आम्ही उतरलो होतो ते हॉटेल नाही, एका बाईचं घर, वरच्या खोल्या ती भाड्याने देते. हातावर बाह्या सरकवलेल्या, गुडघ्यापर्यंत एप्रन, मी तिचं नाव हवालदारीण ठेवलं होतं. गेल्या गेल्या तिने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले, इथला नियम आहे, निघेपर्यंत तिच्या खणात राहणार. म्हणजे कांगारूचं पोट रिकामं. बाबा दोन दिवस सारखं पोट चाचपत होते. आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी ती येऊन उभी राहिली, काय पिणार? बाबा म्हणाले, 'फोर टी.' तिला ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं, पण ती तसं ऐकतच नाही. तिने बाबांकडे बघितलं, तुम्ही? टी. आत्याकडे, तुम्ही? टी. मी म्हटलं कॉफी. मग आईकडे, तुम्ही? आईने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, टी. तिने बाबांकडे न बघताच हात वर केला, ट्रॅफिक पोलीस करतो तसा, आणि आईकडे बघत उभी. बाजूच्या टेबलावरच्या लोकांनी चमचे थांबवले. आईने पदराने वरचा ओठ पुसला, मीठदाणीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, ती बाई हलेना. कुठलीच घाई नाही तिला. आणि मग आई म्हणाली, 'कॉफी. नो शुगर.'

आमच्या घरात कॉफीचा कण नाही! मी जन्मल्यापासून ही बाई चहा पिते, दोन चमचे साखरेचा, कारण बाबा तसा पितात आणि एकाच पातेल्यात होतो. बाबा म्हणाले, 'तुला ॲसिडिटी होते.' आई प्यायली. सगळा कप प्यायली. मी म्हटलं, आई, तुला कॉफी कुठून आवडायला लागली? तर म्हणे लग्नाआधी प्यायचे. एवढंच. मला वाटलं होतं मला आई माहीत आहे. दुसऱ्या दिवशी हवालदारीण येऊन उभी राहिली तर पहिली ऑर्डर हिची.

— अहो झाला ना बदल, चांगलंच झालं, मीच तर तिच्या मागे लागलो होतो वर्षानुवर्षं, बोल, बोल एकदा तरी. नाही नाही, तुम्हाला नाही कळायचं काकू, आधी पूर्ण ऐका. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी बाबांनी माझे कपडे जिन्यात फेकले. शेजारच्यांची दारं उघडी, पट्टा हातात, आणि आईला म्हणतायत, सांग याला, चालता हो म्हणून सांग. आई दारात. आणि म्हणाली काय? हं. बाबा आत गेले, तशी जिन्यात बसून एकेक शर्ट उचलून घड्या घालायला लागली. मी म्हटलं, तोंड नाहीये का तुला? निदान माझ्यासाठी तरी बोल. तर घड्या घालतेय. परत कपाटात नेऊन ठेवले सगळे, सगळ्यात खाली गरम कपडे, जसे होते तसे. तिथेच राहतोय मी अजून. — आता यात रडण्यासारखं काय आहे काकू, रुमाल ठेवा आत. उन्हाने आलं असेल डोळ्यांत.

कुठे होतो? हां. हवालदारणीशी तिची गट्टी जमली. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नाही. दुपारी मी वरून बघितलं, अंगणात चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे, ताणायची, झटकायची, चालत चालत एकमेकींजवळ यायचं, परत मागे जायचं. आणि हसतायत. कशाला हसत होत्या कोण जाणे, चादरीत काय विनोद असतो? संध्याकाळी आईने मला विचारलं, 'ही एकटीच राहते का रे?' मी म्हटलं हो, नवरा दुसऱ्या गावात असतो, रविवारी येतो, जेवतो, जातो. 'भांडण झालंय?' मी म्हटलं नाही म्हणे, असंच ठरवलंय त्यांनी. त्यावर 'हं' पण नाही. मला काय माहीत, मी आपला विचारलं म्हणून सांगितलं.

आणि आज सकाळी निघताना. हवालदारणीने खण उघडला, सगळे पासपोर्ट काढले. बाबांनी दोन्ही हात पसरले, प्रसाद घेतात तसे. तिने त्यांचा त्यांना दिला. मग प्रत्येकाच्या पुढे गेली, फोटो बघायची, तोंड बघायची, तळहातावर ठेवायची. ज्याचा त्याला. ती वळली तशी बाबांनी शर्ट वर केला, पाऊचची चेन उघडली, टाका. आत्याने टाकला. — मी? मीही टाकला. हो, टाकला. सकाळी सकाळी तमाशा नको होता मला, प्रवास होता पुढे. तत्त्वाचा प्रश्न वेगळा आणि व्यवहार वेगळा, काकू. आणि आईने पर्स उघडली, पासपोर्ट आत ठेवला, पर्स बंद केली. ती पर्स बंद होताना खट्ट वाजते. 'राहू दे माझ्याकडे,' म्हणाली. बाबा पाऊच उघडा धरून तसेच. मी वाट बघतोय, आता फुटणार, आता फुटणार. नाही फुटले. चेन लावली, शर्ट खोचला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. ते बघा कसे बसलेत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना— मला तर तो पीळच दिसेना आज. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

— हो, त्यानंतरच गेली ती. इथे आलो, सामान ठेवलं आणि म्हणाली, पाय मोकळे करून येते. बाबांनी विचारलं नाही कुठे. आत्याने विचारलं, तर म्हणाली, इथेच. मीच म्हटलं तिला, जा बिनधास्त. म्हणजे तिने मला विचारलं नव्हतं, पण मी म्हटलं. दारातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. डावीकडे काय आहे? काही नाही, रस्ता आहे. हवालदारणीचं घरही त्याच बाजूला आहे म्हणा, पण म्हणून ती तिथेच गेली असेल असं काही नाही. — फोन नाही तिच्याकडे. म्हणजे फोन आहे, इथलं कार्ड नाही. कार्ड फक्त बाबांनी घेतलं, एकाला पुरे म्हणाले, आपण काय वेगवेगळे हिंडणार आहोत? मला तेव्हा पटलं होतं ते. — मी कशाला बघून येऊ? ती लहान आहे का? आणि मी गेलो आणि ती इकडून आली तर? तुम्ही पण ना. येईल. आजचाच दिवस आहे आमच्या व्हिसाचा, तिला माहीत आहे. माहीत असेल. सांगितलंय का तिला कुणी, देव जाणे.

ही बघा, लागली बस. आली सुद्धा. — नाही, तुम्ही बसा, ही तुमची नाही, आमची आहे. आत्या, चढू नकोस! अगं थांब ना, आई यायचीय! — बघितलंत, चढली. खिडकीची जागा पाहिजे. जग बुडालं तरी हिला खिडकी. आणि बाबा बॅगा देतायत ड्रायव्हरला, एकेक, खाली मान घालून. आईची बॅग हातात धरून उभे आहेत. देऊ का नको चाललंय. अहो बाबा, जा की, बघून या की! तुमची बायको आहे ती! — नाही ऐकत. काकू, काय चाललंय माझ्या घरात मला कळत नाहीये. तुम्ही हसू नका, मी एक सांगतो, ती नाही आली ना, तर आत्या तिच्या घरी गेली की त्या घरात मी आणि ते. दोघंच. आम्ही दोघं एका खोलीत कधी एकटे बसलेलो नाही, मधे कायम ती असते, भाजी निवडत नाहीतर कपडे घेऊन, काहीतरी हातात घेऊन मधे असते. तिला काय अधिकार आहे असं— नाही, अधिकार आहे, मी असं नाही म्हणत, पण निदान मला सांगायचं. मी काय तिचा शत्रू आहे? मी तर तिच्या बाजूने होतो. आठवडाभर मीच— हा वाजवेल आता. एकदाच वाजवतो हो हा. एकदा वाजवतो आणि—

कुठे? कुठे दाखवताय? समोर? — त्या काचेच्या दुकानापाशी? ती निळ्या स्वेटरमधली? तिथे खुर्च्या टाकल्यात तिथून उठली? म्हणजे ही समोरच बसली होती? सगळा वेळ? आम्ही दिसत होतो तिला तिथून! बाबा पण दिसत होते, सामानावर बसलेले, मी हा इथे— आणि कप बघा टेबलावर. कॉफी पीत बसली होती. एकटी. वळसा घालून गेली आणि समोर येऊन बसली. — ती बघा येतेय. पट्ट्यांवरून. गाड्या थांबल्यात. दोन्हीकडच्या थांबल्यात. ही बघत पण नाही गाड्यांकडे, पर्स छातीशी धरलीये आणि चाललीये आपली रस्त्याच्या मधून, जसं काही अंगणातून— वाजवला त्याने! वाजवला! आई, लवकर! पळ ना जरा!

आई, काय हे? कुठे गेली होतीस? काही अक्कल? इथे सगळ्यांचा जीव टांगणीला आणि तू खुशाल कॉफी पीत बसतेस? बस गेली असती म्हणजे? विचारून जायला तोंड नव्हतं का तुला? आण, तो पासपोर्ट दे इकडे माझ्याकडे, तू हरवशील. तुला काय कळतंय इथलं—

'हं'?

— आई. मला? मला काय 'हं' म्हणतेस?

आई, तू मला—

...

नाही, काकू. काही नाही झालं. जा तुम्ही, काका बोलावतायत तुम्हाला.